शुक्रवारची शर्यत

सायकलची शर्यत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. गुळगुळीत रस्ता, रंगीत बनियन आणि दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणारी माणसं. आमच्या शर्यतीत यातलं काही म्हणता काही नव्हतं. धूळ होती, खडी होती, कोरड्या ओढ्यातले गोटे होते आणि त्या सगळ्यात कंबर मोडून घेणारी मी होते. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. इतका काळ गेला, तरी तो शुक्रवार आठवला की माझं डोकं सरकतं. चिडायचं नक्की कोणावर, ते मात्र अजून ठरत नाही.

मी तेव्हा बदलापूर गावात आईबरोबर राहत होते आणि उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. शिक्षिका म्हणजे काय, रजेच्या जागेवर. मूळचे सर आजारी पडले, त्यांची रजा वाढत वाढत दोन वर्षांवर गेली आणि ती दोन वर्षं मी मैदानावर उभी राहिले. कवायत, लंगडी, खो-खो, पंधरा ऑगस्टचं संचलन, सगळं माझ्याच गळ्यात. बदलापूर गावातून कॅम्प पाचपर्यंत मी रोज सायकलने जायचे आणि सायकलनेच यायचे. शाळेतल्या बायकांना ते अचाट वाटायचं. मला त्यात काही वाटत नसे, बसच्या रांगेत उभं राहायचा मला मनापासून कंटाळा होता, एवढंच.

त्या वर्षी मूळच्या सरांनी राजीनामा दिला आणि जागा कायमची भरायची ठरली. मला वाटलं, आता काय, गंगेत घोडं न्हालं. पण संस्थेच्या समितीवर एक साहेब होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं अगदी मऊ. त्यांनी मला बोलावून चहा दिला आणि विचारलं, काम मैदानावरचं, उन्हातान्हाचं, कायमचं म्हणजे जन्मभराचं, ते बाईमाणसाला झेपेल का? मी म्हटलं, दोन वर्षं झेपलंय. ते हसले. ती तात्पुरती गोष्ट होती म्हणाले. दोन वर्षं घशाला कोरड पडेपर्यंत शिट्टी फुंकली ती तात्पुरती, आणि यांचा चहा तेवढा कायमचा! पण हे मी मनात म्हटलं. तोंडाने मी साखर पुरेशी आहे एवढंच बोलले.

मग त्यांनीच तोडगा काढला. त्यांच्या अधिकाऱ्यांच्या क्लबाने डोंगरातली सायकल शर्यत ठरवली होती. गिअरच्या जाड टायरवाल्या सायकली तेव्हा नुकत्याच दिसायला लागल्या होत्या आणि अधिकाऱ्यांच्या मुलांना त्या कुठेतरी दामटायच्या होत्या. अंबरनाथहून निघायचं, बदलापूर गावावरून बारवीच्या डोंगरात शिरायचं, वाड्यापाड्यांतून जंगलाच्या वाटेने धरणाच्या अंगाला उतरायचं आणि जांभूळवरून परत अंबरनाथ. अशा दोन फेऱ्या. सकाळी सातला सुरू आणि दुपारी चारच्या आत संपवायची. जो वेळेत संपवेल त्याला प्रमाणपत्र. साहेब म्हणाले, "तेवढं प्रमाणपत्र आणा बाई, मग तुमच्या नावाला समितीत कोण हरकत घेतो ते मी बघतो."

मला राग आला होता. त्या जागेसाठी अर्ज केलेल्या एकाही पुरुषाला त्यांनी डोंगर चढून दाखवायला सांगितलं नव्हतं. पण घरी आईची पेन्शन आणि माझा तो रजेच्या जागेचा पगार, यावर आमचं चाललं होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी हो म्हटलं.

सायकल मिळाली ती कॅम्प पाचमधल्या एका सिंधी दुकानदाराकडून. शाळेच्या वाटेवर त्याचं दुकान होतं आणि माझ्या जुन्या सायकलची पंक्चरं तोच काढायचा. सगळे त्याला साईं म्हणायचे, मीही म्हणायचे. शर्यतीचं ऐकून त्याला माझ्यापेक्षा जास्त स्फुरण चढलं. सांगाडा एकीकडचा, चाकं दुसरीकडची, गिअर कुठल्या तिसऱ्याच सायकलचे, असं जमवून त्याने आठ दिवसांत एक अवजड धूड उभं केलं आणि म्हणाला, टीचर, ये टूटेगा नहीं, पहाड टूटेगा. त्या बदल्यात हँडलवर दुकानाच्या नावाची पत्र्याची पाटी लावायची, एवढी त्याची अट. ती पाटी प्रत्येक खड्ड्याला खडखडायची आणि गिअर मनाला येईल तेव्हा सुटायचा. तीन आठवडे मी त्या धुडावर पहाटे सराव केला. मांड्या अशा भरून यायच्या की शाळेचे जिने मी कठड्याला धरून उतरायचे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगते आहे ती.

आमच्या दारावर डोंगरातल्या एका पाड्यावरची बाई भाजी घेऊन यायची. वालाच्या शेंगा, शेवगा, तोंडली, पावसाळ्यात रानभाज्या. पहाटे पाड्यावरून निघून डोक्यावर पाटी घेऊन ती बदलापूर गावात पायी यायची आणि पहिली पाटी आमच्या ओट्यावर उतरवायची. आईचं आणि तिचं गूळपाणी व्हायचं, भावावरून भांडण व्हायचं, मग पुन्हा गूळपाणी. मला ती बाय म्हणायची. मी लहान असल्यापासून येत होती, त्यामुळे माझी कुठलीही गोष्ट तिला ठाऊक असायची. जागेचंही ठाऊक होतं. मी तिच्या पाटीत हात घालून शेंगा निवडत तिला सगळं सांगितलं होतं.

शर्यतीच्या दोन आठवडे आधी ती आली तेव्हा तिचे तळहात सोललेले होते. आईने विचारलं तर म्हणाली, विहिरीचा रहाट बंद आहे, दोर नुसता हाताने ओढायचा. का? तर देवीचे शुक्रवार. त्यांच्या पाड्यावर गावदेवीच्या जत्रेआधीचे पाच शुक्रवार पाळतात, त्या दिवशी वेशीच्या आत चाक फिरत नाही. गाडी जुंपत नाहीत, जातं फिरत नाही, रहाटाचं चाकही बांधून ठेवतात. तिच्या नवऱ्याने सायकल आढ्याला टांगली होती आणि पोरांनी काठीने पळवायचे जुने टायर गोळा करून देवळात ठेवले होते. देवी त्या दिवसांत गावातून पायी फिरते, तिला चाक आडवं जाऊ नये म्हणून. मला गंमत वाटली. मी म्हटलं, घड्याळाचं चाक चालतं का? ती म्हणाली, घड्याळच नाय कुणाकडं. आम्ही तिघी हसलो.

त्यानंतर चार दिवसांनी मी नाव नोंदवायला क्लबात गेले. भिंतीवर नकाशा लावला होता आणि त्यावर लाल पेन्सिलीने वाट काढली होती. ती लाल रेघ थेट त्या पाड्याच्या मधून, विहिरीवरून, शाळेच्या पडवीपाशी थांबा घेऊन पुढे गेली होती. शर्यतीचा दिवस शुक्रवार. तो शुक्रवार का, तर विजेची टंचाई. त्या काळी प्रत्येक कारखाना-वस्तीला आठवड्याची सुट्टी वेगवेगळ्या वारी वाटून दिलेली असायची आणि साहेबांच्या बाजूला शुक्रवार आला होता. अधिकाऱ्यांना मोकळा दिवस तोच. जिथून जायचं त्या पाड्याचा वार कुठला, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. डोंगर म्हणजे त्यांना नकाशावरच्या हिरव्या रंगाचा पट्टा.

मी बोलायला तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते. तेवढ्यात साहेब दुसऱ्या कोणाला सांगत होते की जंगल खात्याची परवानगी कशीबशी याच एका दिवसाची मिळाली आहे, काही विघ्न आलं तर शर्यत रद्द, मग पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी! माझी जागा जूनमध्ये भरणार होती. मी मूग गिळून गप्प बसले, फॉर्म भरला आणि घरी आले. आईलाही सांगितलं नाही. मनाची समजूत घातली ती अशी: मी एकटी थोडीच जाणार आहे, चाळीस जण जाणार. आणि दोन मिनिटांचा तर रस्ता, भुर्रकन निघून जाऊ, देवीला पत्ता लागायचा नाही.

शर्यतीच्या सकाळी चाळीसेक पुरुष आणि मी. माझा फोटो सगळ्यात जास्त काढला, कारण दाखवायला एक बाई होती. सातला शिट्टी झाली आणि पहिल्या तासातच मी शेवटच्या पाच-सहांत गेले. मला त्याचं दुःख नव्हतं, मला पहिलं यायचंच नव्हतं. नव्वद किलोमीटर आणि नऊ तास, एवढं गणित मी डोक्यात धरलं होतं. बदलापूर गावात आई रस्त्याकडेला उभी होती. तिने गूळ-पोळीच्या लाडवांची पुरचुंडी धावत धावत माझ्या हातात कोंबली आणि जपून गं म्हणाली. तिचं ते जपून गं ऐकून मला उगाच तिचा राग आला. जपून गेले असते तर तिथे कशाला असते!

डोंगराची वाट लागली तशी सायकलने रंग दाखवायला सुरुवात केली. गिअर मधल्या दातावर अडकून बसला तो बसला. चढाला पाय फिरत नव्हते, उताराला पाय रिकामे फिरत होते. खडीवरून टायर सरकत होते आणि ती पाटी खडखड करत माझ्या डोक्यात जात होती. त्या साईंला मी ज्या शिव्या घातल्या त्या मराठी शाळेतल्या शिक्षिकेला शोभण्यासारख्या नव्हत्या. त्यातल्या दोन तर त्याच्याच दुकानात शिकलेल्या होत्या.

पाड्याजवळ आलो तेव्हा माझ्या पुढे नजरेच्या टप्प्यात पाच-सहा जण होते. वेशीचा दगड ओलांडला आणि माणसं घराघरांतून बाहेर येताना दिसली. बायका हात वर करून ओरडत होत्या, म्हातारे काठी उगारत होते. पुढच्यांना वाटलं, गाव आपल्या स्वागताला आलंय. एकाने तर दोन्ही हात सोडून त्यांना उलट हात हलवले आणि थँक्यू, थँक्यू म्हणत गेला. मला कळत होतं ते काय ओरडतायत ते. थांबा म्हणत होते. मी मान खाली घातली आणि पायांत होता नव्हता तो जोर लावला. विहिरीपाशी ती उभी होती, आमची भाजीवाली. दोर हातात, पायाशी हंडा. तिने मला ओळखलं. ती ओरडली नाही, हातही वर केला नाही, नुसती बघत राहिली. मी तिच्यापासून दोन हातांवरून चाक फिरवत गेले. पुढे शाळेच्या पडवीत क्लबाचा कारकून कार्डावर शिक्का मारायला बसला होता. मी त्याच्यासमोर कार्ड धरलं आणि तो म्हणाला, दमलात का बाई, अजून अर्धीसुद्धा झाली नाही.

धरणाचा उतार, जांभूळच्या पाण्याच्या टाक्या, अंबरनाथ, आणि पुन्हा तोच रस्ता. पहिल्या फेरीला मला सव्वाचार तास लागले. म्हणजे अर्ध्या तासाची उसंत हाताशी होती आणि माझे पाय तर संपल्यात जमा होते. दुसऱ्या फेरीत मी अगदी शेवटची. पुढचे कोणीच दिसत नव्हते. ऊन डोक्यावर, मीठ-साखरेचं पाणी कोमट झालेलं, लाडू धुळीने करकरत होते. मी मोठ्याने माझ्याशीच भांडत होते. तुला कोणी सांगितलं होतं, म्हणत होते, आणि लगेच मीच सांगत होते, साहेबांनी सांगितलं होतं, पेडल मार.

वेशीच्या दगडापाशी आले तर वाटेवर आंब्याच्या डहाळ्या बांधलेला दोर आडवा होता. दोराच्या पलीकडे सगळा पाडा बसला होता, बायका पुढे, पुरुष मागे. भांडणतंटा नाही, आरडाओरडा नाही. मी उतरले आणि बोलतच सुटले. मला चारच्या आत पोचायचंय, ही माझी शेवटची फेरी आहे, माझी नोकरी यावर आहे, मी पुन्हा कधी येणार नाही, फक्त एकदा जाऊ द्या, देवीला मी नारळ देईन, साडी देईन. बोलता बोलता मला रडू यायला लागलं आणि त्याचाच मला संताप येत होता.

आमची भाजीवाली उठून दोरापाशी आली. ती रागावलेली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

"तुला तं ठावं व्हतं ना, बाय?"

त्या चाळीस जणांत ते ठाऊक असलेली मी एकटीच होते. बाकीचे चुकले होते, मी चुकले नव्हते. मी जाणूनबुजून केलं होतं.

मी विचारलं, उचलून नेली तर चालेल का? तिने मागच्या माणसांकडे बघितलं. एक म्हातारा म्हणाला, चाक जमिनीला लागता कामा नये. मी सायकल उचलून खांद्यावर घेतली. त्या धुडाचं वजन मला तेव्हा पहिल्यांदा खरं कळलं. दोन पावलं टाकली तर मागून कोणीतरी ओरडलं, खांद्यावरसुद्धा चाक फिरतंय. खरंच फिरत होतं, वाऱ्याने की हिसक्याने, पण हळूहळू फिरत होतं. मला पुन्हा खाली ठेवायला लावलं, म्हणजे एका माणसाने ती हातांवर तोलून धरली आणि भाजीवालीने वाखाच्या दोरीने दोन्ही चाकं सांगाड्याला करकचून बांधली. पाच मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होते आणि ती गाठीवर गाठ मारत होती, सावकाश, शेंगांची जुडी बांधावी तशी.

पाड्याची लांबी किती असेल? दीड किलोमीटर, तोही सगळा चढ. दर पन्नास पावलांवर मी थांबत होते, खांदा बदलत होते. पेडल पाठीत रुतत होतं, साखळीचं वंगण मानेवर उतरत होतं. ती माझ्या पुढे चालत होती. मदतीला तिने हात लावला नाही आणि मीही मागितला नाही. पोरं बाजूबाजूने चालत होती, ती पाटी वाचायचा प्रयत्न करत होती. एका ठिकाणी मी गुडघ्यावर आले, पण चाक टेकू दिलं नाही. मला देवीची भीती वाटत होती म्हणून नव्हे. मला फक्त ती वळून बघेल आणि चाक टेकलेलं दिसेल, हे नको होतं.

शाळेच्या पडवीत तो कारकून एकटाच कंटाळून बसला होता. दुसऱ्या फेरीतलं माझं पहिलंच कार्ड, म्हणाला. मी म्हटलं, बाकीचे? तेव्हा त्याने सांगितलं की क्लबाची जीप दुपारी वेशीपर्यंत आली होती. दोर बघून साहेबांनी सगळ्यांना खालच्या वाटेने वळवलं, जंगल खात्याच्या रोपवाटिकेवरून. ती वाट चार-पाच किलोमीटरने जवळची आणि चढ नसलेली. शिक्क्याची गरज नाही म्हणाले. शेवटचा माणूस गेला असं समजून जीप निघून गेली. मी मागे आहे याची कोणाला आठवणच राहिली नव्हती. मी त्याला शिक्का मार म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की तो दचकला.

दुसऱ्या वेशीला दोरीच्या गाठी सुटेनात. नखं तुटली. शेवटी तिनेच दातांनी सोडवल्या, चाकं मोकळी केली आणि माघारी फिरली. मी तिला हाक मारायला हवी होती. घड्याळात पावणेतीन वाजले होते. मी सायकलवर बसले आणि निघाले.

अंबरनाथच्या मैदानात मी शिरले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मांडव अर्धा उतरवला होता, खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. बाकीचे सगळे आंघोळ केल्यासारखे ताजे दिसत होते. माझा खांदा सुजून आला होता आणि कोणीतरी माझ्याकडे बघून, बघा, आल्या आमच्या बाई, असं म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्याला मी आजही माफ केलेलं नाही.

साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. वेळेची काळजी करू नका म्हणाले. त्यांच्या टेबलावर एक कागद होता आणि एक प्रमाणपत्र होतं. प्रमाणपत्रावर माझं नाव आधीच लिहिलेलं होतं, सुरेख वळणदार अक्षरात. पडवीतला कारकून कोणाच्या तरी मोटारसायकलवर माझ्या आधी पोचला होता आणि त्याने सगळं सांगितलं होतं. कागद म्हणजे पोलिसांत द्यायचा अर्ज. पाड्यावरच्या लोकांनी दोर बांधून सार्वजनिक वाट अडवली, स्पर्धकांना धमकावलं, एका महिला स्पर्धकाला जबरदस्तीने सायकल उचलून चालायला लावलं. खाली दोन सह्या होत्या. दोराला हात लावेपर्यंत जवळ गेलेली मी एकटीच होते, म्हणून तिसरी सही माझी हवी होती. अडवणुकीमुळे उशीर झाला असं एकदा लिहून झालं की मला वेळेची सूट देता येत होती. साहेब म्हणाले, या लोकांना एकदा धडा शिकवला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आणि सोमवारी शाळेत भेटा, तुमच्या जागेचं मी बोलतो.

मी पेन हातात घेतलं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. पेन घेतलं, कागद पुढे ओढला, सगळा वाचला. सही केली असती तर पाड्यावर पोलीस गेले असते, दोन-चार जणांना ठाण्यात बसवलं असतं, त्यात तो म्हातारा असता, चाक बांधणारी तीही असती. आणि जूनमध्ये मी कायम झाले असते.

"जबरदस्ती कोणी केली नाही," मी म्हटलं. "आणि त्यांचे शुक्रवार चालू आहेत हे मला आधीपासून माहीत होतं."

साहेबांना कळायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं होतं ते पाड्यावर चिडतील, पण ते माझ्यावर चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. माहीत असून मी सांगितलं नाही, सगळ्यांच्या शर्यतीचा विचका केला, क्लबाची शोभा केली, असं ते म्हणत राहिले. मीही गप्प बसले नाही. तुम्ही विचारलं का कोणाला, म्हटलं. तुमच्या चाळीस जणांच्या कार्डावर दुसरा शिक्का नाही, माझ्या एकटीच्या आहे, मग शर्यत पूर्ण कोणी केली ते सांगा, म्हटलं. त्यांनी माझं कार्ड बघायला मागितलंसुद्धा नाही. प्रमाणपत्र उचलून त्यांनी बॅगेत ठेवलं आणि बॅग बंद केली.

लोक मला सांगतात की तू फार मोठं काम केलंस. कसलं मोठं! खांदा ठणकत होता, मी वैतागले होते, आणि त्या कागदावरचं महिला स्पर्धक हे वाचून माझं टाळकं फिरलं होतं. अर्ज पुढे गेला नाही एवढं खरं. आमचीच बाई उलटं बोलते म्हटल्यावर कोण जाणार पोलिसांत? जूनमध्ये जागेवर एक तरुण सर आले. रोपवाटिकेच्या वाटेने वेळेत पोचलेल्यांपैकीच ते एक होते. मुलगा वाईट नव्हता. खेळाच्या खोलीतलं सामान त्याला मोजून दिलं तेव्हा तो मला मॅडम मॅडम करत होता आणि मला त्याचा गळा धरावासा वाटत होता.

आईला मी जागेचं सांगितलं, अर्जाचं सांगितलं, सहीचं सांगितलं. तिने हातातली पोळी लाटून तव्यावर टाकली. मग म्हणाली, केलंस ते बरोबर केलंस, पण आपल्यालाच का गं नेहमी बरोबर वागायला परवडतं? मला हसूही आलं आणि रडूही.

भाजीवाली पुढच्या आठवड्यात आली. गल्लीच्या तोंडाशी तिची हाक ऐकू आली. आईने नेहमीसारखी परडी काढून ओट्यावर ठेवली, गुळाचा खडा ठेवला, तांब्या ठेवला. हाक आमच्या दारावरून पुढे गेली. तिने शेजारणीच्या ओट्यावर पाटी उतरवली. आईला वाटलं विसरली असेल. पण त्यानंतरच्या खेपेलाही तसंच झालं आणि त्यानंतरच्याही. ती आमच्या दाराकडे बघायचीसुद्धा नाही. लहानपणापासून येणारी बाई, तिने आमचं दार टाकलं.

चौथ्या की पाचव्या खेपेला आईचा संयम सुटला. म्हणाली, हिच्यापायी माझ्या लेकीची नोकरी गेली आणि ही आम्हालाच तोंड वळवते? थांब, जाऊन सांगते तिला, तू काय केलंस ते. कळू दे तरी. ती चपला न घालता दाराबाहेर निघाली होती. मी तिचा दंड धरला. आई ओढत होती, मला सोड म्हणत होती, पलीकडच्या ओट्यावर शेंगांचा भाव चालला होता.

"आई, पहिल्या फेरीत मी तिच्यासमोरून सायकलवर बसूनच गेले होते. माहीत असून."

हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. आईने माझ्याकडे बघितलं, मग पलीकडच्या ओट्याकडे. तिने ओट्यावरची परडी उचलली, तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि आत गेली. त्या दिवसापासून आमची भाजी बाजारातून येते.